आधी बटण, मग आदर

चेरपूच्या शंकुण्णी आशारीला दहा बोटं होती.

त्यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. तुम्हालाही दहाच असतील. पण तुम्ही सुतार नाही! चेरपूत घरटी एक सुतार आणि सुतारामागे साडेनऊ बोटं, असं प्रमाण आहे. लग्नाकार्यात अनोळखी आशारी, म्हणजे सुतार, भेटला तर लोक नाव नंतर विचारतात, आधी हात बघतात. शंकुण्णी मात्र त्रेचाळीस वर्षं करवतींच्या संगतीत काढूनही कापडदुकानदारासारखे अख्खे हात घेऊन हिंडत होता. नमस्कारसुद्धा असा सावकाश करायचा, की समोरच्याला मोजायला वेळ मिळावा.

"मोजा, मोजा! लाजू नका!" तो म्हणायचा. "आणि माझी दारं बघा. दोन फळ्या मिटल्या की मधून कागद जाणार नाही. अशी दारं अख्ख्या बोटांनीच होतात!"

या दहा बोटांचं रहस्य त्याच्या कारखान्याच्या दारावर पाटी करून लावलेलं होतं. पाटी फणसाच्या लाकडाची, अक्षरं पटाशीने कोरलेली: "आत कुणासाठीही लुंगी खाली सोडायची नाही. देव आला तरी."

आमच्याकडे माणूस काम करतो तो लुंगी दुमडून, गुडघ्यांच्या वर खोचून. पण समोरून कुणी मोठा माणूस आला, म्हणजे मास्तर, मामा, सासरा, चर्चचे पाद्री, ज्यांना आम्ही अच्चन म्हणतो, पंचायतीचा मेंबर, की दोन्ही हात आपोआप कमरेला जातात आणि लुंगी सर्रकन घोट्यापर्यंत खाली येते. मोठ्या माणसापुढे गुडघे उघडे ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडावर ढेकर देणं. आता हा मोठा माणूस कोण, तेही बघून घ्या. ज्याने जन्मात रंधा धरला नाही, तो! ज्या खुर्चीत बसून तो मोठा झाला, ती खुर्ची करणारा गुडघे झाकून उभा, आणि हा खुर्चीत बसून पाय हलवतोय. सुतारासाठी कुणी लुंगी खाली सोडल्याचं ऐकलंय कधी? मी नाही ऐकलं. आणि मी बऱ्याच ठिकाणी कान लावून बसलेला माणूस आहे.

शंकुण्णीचा नियम मात्र तत्त्वातून आला नव्हता, बोटांतून आला होता. त्याचे गुरू परमू आशान तरुणपणी एका वखारीत करवतीवर होते. एक दिवस वखारीचा मालक आत आला. परमू आशाननी हातातली फळी सोडली आणि लुंगी खाली घ्यायला हात कमरेकडे नेले. फळी उसळली, हात मध्ये गेला. मालक मनाचा चांगला होता. म्हणाला, "असू दे, असू दे, राहू दे!" करवतीला ते ऐकू गेलं नाही. अडीच बोटं गेली.

उरलेल्या साडेसात बोटांनी परमू आशाननी शंकुण्णीला कान पिळून शिकवलं, "शंकू, आदर करायला दोन हात लागतात आणि रंध्यालाही दोन हात लागतात. देवाने दिलेत दोनच!"

तेव्हापासून शंकुण्णीच्या कारखान्यात आठ माणसं दिवसभर उघड्या गुडघ्यांनी काम करत. लोक नावं ठेवत. शंकुण्णी म्हणे, "ठेवा. नावं ठेवा, पण बोटं मोजा!"

त्या डिसेंबरात त्याच्याकडे आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम होतं. चर्चचं महाद्वार! जुनं दार वाळवीने इतकं खाल्लं होतं, की इनाशू अच्चननी रागाने जरा जोरात लावलं आणि कडी त्यांच्या हातात राहिली. दार उतरवलं, जागेवर निळी ताडपत्री बांधली. तेव्हापासून रविवारच्या प्रार्थनेला बकऱ्या येत होत्या. आणि नेमाने येत होत्या, जे गावातल्या पुष्कळ पुरुषांबद्दल बोलता येत नाही.

"जानेवारीत पेरुन्नाळ आहे, शंकुण्णी," अच्चननी बजावलं होतं. "मिरवणूक चर्चमधून निघते. जत्रेला सगळा गाव येणार. त्या दिवशी दार नसेल तर मी लोखंडी शटर बसवून घेईन!"

"शटर? अच्चो, देवाच्या घराला? किराणा दुकानासारखं?"

"खर्रर्र करून वर, खर्रर्र करून खाली! निदान बकऱ्यांना तरी वेळ कळेल!"

शटरवाला येऊन मापं घेऊन गेलासुद्धा. शंकुण्णीला तीन रात्री स्वप्नात तो खर्रर्र आवाज ऐकू आला. त्याने छातीवर हात ठेवून शब्द दिला. हात अर्थातच अशा बेताने ठेवला, की पाचही बोटं दिसावीत.

काम झपाट्याने चाललं होतं, आणि मध्येच सरकारी पत्र आलं. सुतारकामाच्या कारखान्यांची सुरक्षा तपासणी होणार. तपासणीत नापास झालं तर यंत्रांना सील!

"येऊ दे!" शंकुण्णी गरजला. "मला नापास करणारा अजून जन्मायचाय! राप्पायी, वाळूच्या बादल्या भरा. सुगुणन, पिवळा रंग आण. ज्याला हात लागला तर धोका, ते ते सगळं पिवळं करायचं!"

सुगुणन रंगकाम करणारा. त्याला एकदा काम सांगितलं की ते संपेपर्यंत त्याच्या डोक्यात दुसरा विचार शिरत नाही, आणि संपल्यावरही शिरेल याची खात्री नसते. त्याने करवतीचा खांब पिवळा केला, बादल्या पिवळ्या केल्या, उंबरा पिवळा केला. ओल्या उंबऱ्यावर बसलेली शंकुण्णीच्या बायकोची कोंबडी अर्धी पिवळी झाली.

"अहो, माझी कोंबडी धोक्याची झाली का?" कार्त्यायनी ओरडत आली.

"तू आलीसच तर बस. तालीम घ्यायची आहे," शंकुण्णी म्हणाला. "तू साहेब. तू आत यायचंस, आणि यांनी लुंगी खाली सोडायची नाही."

कार्त्यायनी डोळ्यांवर नवऱ्याचा चष्मा आणि काखेत छत्री घेऊन रुबाबात आत आली. एकाचीही लुंगी हलली नाही.

"शाब्बास!" शंकुण्णी खूश झाला.

"कसली शाब्बास!" कार्त्यायनीने छत्री आपटली. "एकतीस वर्षं या आठ जणांना चहा देते मी. एकाने तरी कधी माझ्यासाठी लुंगी खाली सोडलीय का? ही तालीम नाही, ही रोजची वागणूक आहे!"

ती कोंबडी घेऊन निघून गेली. तालीम फुकट गेली होती, पण हे मान्य करायला फक्त मोफिजुल तयार होता.

मोफिजुल मुर्शिदाबादचा. चार वर्षांपूर्वी कामाला आला तो जीन्स घालून आला आणि जीन्समध्येच राहिला. "खिशात मोबाईल राहतो," एवढंच त्याचं म्हणणं. शंकुण्णी त्याला 'पाटलोणराव' म्हणायचा. "पाटलोणराव, जपून! गुडघ्याला वारा लागला नाही तर अक्कल वाढत नाही!" मोफिजुल हसायचा आणि हात कपाळाला लावून सलाम करायचा. त्याच्या गावी आदर एका हातात उरकतो.

तपासणीच्या दिवशी प्रसीदा मॅडम आल्या. तिशीच्या, पायात बूट, हातात फाइल. चेहरा असा, की खोटं बोलायच्या आधीच माणसाला घाम फुटावा. मागोमाग इनाशू अच्चनही आले, कारण दार त्यांचं अडकणार होतं. अच्चनना बघून सात जोड्या हात कमरेकडे वळवळले. शंकुण्णीने डोळे वटारले. हात परत जागेवर! लुंग्या वरच राहिल्या. अच्चननी चौदा गुडघ्यांवरून नजर फिरवली आणि छताकडे बघत राहिले.

मॅडमनी सगळं तपासलं. डोळ्यांवर चष्मे? आहेत. नाकाला फडकी? आहेत. भुसा साठलेला? नाही. लहान फळी पुढे ढकलायला काठी? आहे. शंकुण्णीची छाती दर प्रश्नाला एक इंच फुगत होती.

"आणि ही लुंगी?" मॅडमनी विचारलं.

"लुंगीचं काय, मॅडम?"

"यंत्रावर सैल कपडा चालत नाही."

"सैल कुठाय? खोचलीय!"

"खोचलेली सुटते, आशारी."

"माझी?" शंकुण्णीने पाटीकडे बोट दाखवलं, मग उरलेली नऊही दाखवली. "मॅडम, त्रेचाळीस वर्षं! ही लुंगी माझ्या बापासाठी सुटली नाही, आमदारासाठी सुटली नाही. आज अच्चन उभे आहेत, विचारा त्यांना!"

"माझे डोळे साक्षी आहेत," अच्चन छताला म्हणाले.

"आणि माझ्या गुरूंनाच बोलावलंय मी चार वाजता. त्यांचा हात तुम्ही बघाच. नियम का केला ते एका नजरेत कळेल. तोवर मी तुम्हाला फळी रंधून दाखवतो!"

त्याने चर्चच्या दाराची एक फळी उचलली आणि रंध्याचं मशीन चालू केलं. पाती गरगरली. बाजूचा पट्टा सळसळू लागला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी शंकुण्णीला कुणी सांगितली नव्हती. त्या पट्ट्यावर लोखंडी जाळी असते. पट्टा धोक्याचा, म्हणून जाळी धोक्याची, अशा हिशेबाने सुगुणनने सकाळी ती काढून पिवळी रंगवली होती आणि मागे फणसाच्या फांदीला वाळत घातली होती. सुरक्षा इतकी ताजी होती, की बोट लावलं तर बोटाला येत होती!

आणि दुसरी गोष्ट. परमू आशान सत्त्याऐंशी वर्षांचे होते. त्या वयात माणूस चारच्या कामाला तीनला निघतो.

बाहेर रिक्षा थांबली. काठी टेकत, पांढऱ्या मुंडूत, म्हणजे सणासमारंभाच्या लुंगीत, परमू आशान दारात उभे राहिले.

शंकुण्णीने मान वर केली. आणि जे बापासाठी झालं नव्हतं, आमदारासाठी झालं नव्हतं, देवासाठी होणार नव्हतं, ते झालं. त्याचे दोन्ही हात फळी सोडून कमरेकडे गेले. त्याने नेले नाहीत. हात आपले आपण गेले, जशी गाय संध्याकाळी गोठ्याकडे जाते!

लुंगी सर्रकन खाली आली. खाली पट्टा होता.

पट्ट्याने टोक पकडलं आणि लुंगी अशी गिळली, जसा भुकेला पाहुणा शेवया गिळतो. शंकुण्णी मशीनवर खेचला गेला. त्याने आधाराला हात टाकला. हात फळीवर पडला, फळी पात्यांकडे सरकली आणि हात फळीबरोबर निघाला!

"बंद करा!" मॅडम किंचाळल्या. "बंद करा कुणीतरी!"

बंद कोण करणार? दारात परमू आशान उभे होते ना! राप्पायीचे दोन्ही हात स्वतःच्या कमरेला. सुगुणनचे दोन्ही कमरेला. सातही जण मान झुकवून, मनोभावे, दोन-दोन हातांनी आदर करत होते!

फक्त मोफिजुलने एका हाताने सलाम केला होता. त्याचा दुसरा हात मोकळा होता. त्याने उडी मारून तो लाल बटणावर हाणला.

मशीन कुरकुरत थांबलं. शंकुण्णीची उजवी तर्जनी आणि पातं यांच्यामध्ये चार बोटांचं अंतर होतं. लुंगी चाकाभोवती आवळून बसली होती. आणि शंकुण्णी आशारी, चेरपूची दहा बोटं, अच्चन, मॅडम आणि गुरूंसमोर निळ्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत उभा होता.

कुणी हसलं नाही. ते नंतर. आधी सगळ्यांचे गुडघे लटपटले. आणि पहिल्यांदाच ते झाकलेले होते.

"बोटं," मॅडम पांढऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या. "बोटं दाखवा."

शंकुण्णीने दोन्ही हात चड्डीसमोर धरले होते. एक हात त्याने पुढे केला. मॅडमनी मोजलं. पाच. मग तो मागे घेऊन दुसरा पुढे केला. पाच.

"दहा आहेत," मॅडम म्हणाल्या आणि वाळूच्या बादलीवर मटकन बसल्या. बादली पिवळी होती, ओली होती. पण ते त्यांना घरी जाऊन कळलं.

परमू आशान काठी टेकत शंकुण्णीपर्यंत आले.

"काय सोडलंस तू आत्ता?"

"आशान, तुम्ही आलात, म्हणून लुंगी..."

"गाढवा!" काठी चड्डीच्या मागच्या बाजूवर बसली. "अडीच बोटं देऊन एक धडा विकत घेतला मी! तो तुला फुकट दिला! आणि तू तो माझ्यासाठीच मोडलास? माझ्यासाठी?" दुसरी काठी बसली. "मी मेल्यावर तुझी बोटं कोण मोजणार आहे, रे?"

म्हातारा रडत होता. शंकुण्णीही रडत होता. अच्चननी आपला झग्यावरचा कमरपट्टा सोडून देऊ केला, पण त्याने काही झाकण्यासारखं नव्हतं.

मॅडमनी मशीनला सील ठोकलं. कुणाचं ऐकलं नाही. बरं केलं! मी असतो तर मशीनबरोबर शंकुण्णीलाही सील केलं असतं. अटी तीन: जाळी जागेवर, सगळ्यांना पँट, आणि दारावरची पाटी बदलायची.

"तीन दिवसांनी येते," त्या म्हणाल्या. "आणि आशारी, तुमच्या नियमात चूक कुठे होती, माहितेय? आदर करू नका असं लिहून आदर थांबत नसतो. तो हातात असतो. मशीन थांबवता येतं. नवी पाटी लिहा: आधी बटण, मग आदर."

तीन दिवसांत आठ पँट शिवून झाल्या नाहीत, म्हणून शंकुण्णीने जावयाने दुबईहून पाठवलेली पँट घातली. जावई सहा फूट. शंकुण्णी पाच फूट दोन. उरलेलं कापड त्याने सवयीने गुडघ्यापर्यंत दुमडून घेतलं.

"काय पाटलोणराव," मोफिजुलने हळूच विचारलं, "गुडघ्याला वारा लागतोय ना?"

शंकुण्णीने त्याच्याकडे पाहिलं. मग कारखान्यातली मोठ्या आशारीची चहाची पितळी वाटी, जिला दुसरं कुणी हात लावत नसे, ती त्याच्यापुढे सरकवली. "पी. आणि तोंड बंद ठेव."

मॅडमनी जाळी हलवून बघितली, पँटी मोजल्या, सील काढलं. पाटी लागली. पेरुन्नाळला चौदा दिवस होते आणि दाराची एक अख्खी बाजू रंधायची बाकी होती.

दुसऱ्याच दिवशी अच्चन काम बघायला आले. सुगुणन मशीनवर नव्हता, ब्रश घेऊन कोपऱ्यात उभा होता. त्याने अच्चनना बघितलं, पाटीकडे बघितलं, 'आधी बटण' एवढं मनात म्हटलं. हात सवयीने कमरेला गेला. त्याने बटण काढलं!

पँटचं.

"येशू!" अच्चन म्हणाले आणि परत छताकडे बघू लागले. त्या छतातल्या प्रत्येक कौलाशी आता त्यांची ओळख झाली होती.

संध्याकाळी शंकुण्णीने पाटीवर एक शब्द वाढवून कोरला: "आधी मशीनचं बटण, मग आदर."

आता नियमात खोट उरली नव्हती. म्हणून काम बुडालं! शंकुण्णीने एकदा चूक केली होती, आता तो ती जन्मात करणार नव्हता. कुणी मोठं आलं की बटण बंद, आठ जण हात बांधून उभे. सकाळी राप्पायीचे मामा आले. बटण बंद. निवृत्त मास्तर आले, आपल्यासाठी चालू मशीन बंद होताना बघून त्यांना इतका आनंद झाला, की तासाभराने बायकोला दाखवायला घेऊन आले. बटण बंद. पंचायतीचा मेंबर आला. त्याला कळलं, की आपण दारात पाय ठेवला की मशीन थांबतं. पाच वर्षांत त्याच्या येण्याने कुठलीच गोष्ट इतक्या चटकन घडली नव्हती. तो दिवसातून चारदा येऊ लागला! आणि दुपारी कार्त्यायनी चहा घेऊन आली.

मशीन चालूच राहिलं.

तिने किटली खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून पाटी मोठ्याने वाचली. मग आठ जणांकडे बघितलं. सुगुणनने घाबरून बटण दाबलं. त्या दिवसापासून तिच्यासाठीही मशीन बंद. ती दोनदा चहा आणायची, आता पाचदा आणू लागली.

पेरुन्नाळला नऊच दिवस उरले. अच्चन घामाघूम होऊन आले.

"काम बंद का?"

"तुम्ही आलात म्हणून, अच्चो."

"मी जातो, चालू करा!" ते फाटकापर्यंत गेले. मशीन सुरू झालं. त्यांना राहवेना, ते दोन पावलं परत आले. मशीन बंद.

"शंकुण्णी! मी इथे नाही असं समजा!"

"कसं समजू? दिसता ना!"

"मग मी मोठा नाही असं समजा!"

"अच्चो, ते मी कोण ठरवणार? ते तुम्ही सांगायला हवं. सगळ्यांसमोर."

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, ताडपत्रीखालून आलेल्या तीन बकऱ्यांच्या आणि भरल्या गावाच्या साक्षीने, इनाशू अच्चननी प्रवचनात घोषणा केली: "शंकुण्णीच्या कारखान्यापुरता, पेरुन्नाळ होईपर्यंत, मी मोठा माणूस नाही! कुणी माझा आदर केला तर मला शटर लावावं लागेल!"

आता पंचाईत मेंबरची झाली. अच्चन लहान आणि आपण मोठे, हे मिरवायचं कसं? त्यानेही नाक मुरडत मोठेपण सोडलं. मास्तरांनी सोडलं. मामांनी, काकांनी, व्याह्यांनी सोडलं. आठ दिवसांसाठी त्या गल्लीत एकही मोठा माणूस उरला नाही. मला विचाराल तर गावाचं इतकं भलं आधी कधी झालं नव्हतं! सगळे आपापल्या कामाला लागले होते.

फक्त कार्त्यायनीने मोठेपण सोडायला साफ नकार दिला. "मला मिळून पाच दिवस झालेत," ती म्हणाली. तिचा चहा येई तेव्हा मशीन थांबे. ती विश्रांती मात्र सगळ्यांना मानवली.

आणि अच्चन? ते रोज येत होतेच. फणसाच्या झाडामागून, वाकून, झगा गोळा करून डोकावत होते. एकदा शंकुण्णीने त्यांना पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. एवढी वर्षं लोक त्यांच्यापुढे वाकले. आठ दिवस ते वाकले तर बिघडलं कुठे?

पेरुन्नाळच्या सकाळी दार बसलं.

काय दार होतं! साडेअकरा फूट सागवान, वर द्राक्षांचे घोस, खाली मासे, आणि लाकडांच्या सांध्यांची रेघ अशी, की ती रेघ आहे हे सांगावं लागावं. बँड वाजत होता, चेंडा ढोल घुमत होता, बकऱ्या बाहेर उभ्या राहून नव्या दाराकडे दुखावलेल्या नजरेने बघत होत्या. शटरवालाही आला होता. त्याने दारावर हात फिरवला आणि मापाची फीत खिशात खोल ढकलली.

शंकुण्णी पँटमध्ये नव्हता. आज मशीन नव्हतं, सण होता. त्याने कडक इस्त्रीचं, सोनेरी काठाचं मुंडू नेसलं होतं आणि अदबीने घोट्यापर्यंत खाली सोडलं होतं. तो उंबऱ्यावर, उघड्या फळीला टेकून उभा होता.

परमू आशान आले. चालताना त्यांचं मुंडू दुमडून खोचलेलं होतं, कडेने उघडे, काटकुळे गुडघे. त्यांनी दारापुढे उभं राहून साडेसात बोटं लाकडावर फिरवली. सांध्यावर थांबवली. पुन्हा फिरवली. खिशातून रिक्षाची चिठ्ठी काढून सांध्यात घालून बघितली. जाईना.

मग म्हाताऱ्याने काठी भिंतीला टेकवली. दोन्ही हात कमरेला नेले. आणि आपलं मुंडू हळूच, घोट्यापर्यंत खाली सोडलं.

बँडवाल्यांनीसुद्धा क्षणभर हात थांबवले. गुरू शिष्यापुढे! शंकुण्णीच्या डोळ्यांसमोर पाण्याचा पडदा आला. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याच्यासाठी कुणी असं केलं नव्हतं. त्याला काय करावं सुचेना, म्हणून तो दोन पावलं बाहेर सरकला.

"आणि आता बघा, दार मिटतं कसं!" अच्चन आतून आनंदाने ओरडले आणि त्यांनी दोन्ही फळ्या ढकलल्या. आतला अडसर आपसूक पडला. तोही शंकुण्णीनेच केला होता. उत्तम होता.

दार बेमालूम मिटलं. मध्ये शंकुण्णीच्या मुंडूचं टोक होतं.

त्याने हळूच ओढलं. हललं नाही. जोरात ओढलं. दार हललं नाही, गाठ हलली! त्याने दोन्ही हातांनी कंबर गच्च धरली.

"अच्चो, उघडा!"

"काय?" आतून आवाज. "ऐकू येत नाही! काय घट्ट बसलंय, वा!"

"आशान," शंकुण्णी रडवेल्या आवाजात म्हणाला, "तुम्ही माझ्यासाठी मुंडू खाली सोडलंत आणि..."

"तुझ्यासाठी?" परमू आशान काठी शोधत म्हणाले. "दारासाठी सोडलं, गाढवा! दारासाठी!"

मोफिजुल गर्दीतून धावत आला. त्याने दाराच्या डाव्या बाजूला चाचपलं, उजव्या बाजूला चाचपलं.

"मोठे आशारी, याचं बटण कुठाय?"

तेवढ्यात गर्दीतून प्रसीदा मॅडम पुढे आल्या. सुट्टीची साडी, हातात जत्रेतल्या हलव्याचा पुडा, चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू.

"वा, आशारी, काय दार केलंत! आणि बोटं? दहाच्या दहा आहेत ना?"

सगळा गाव बघत होता. शटरवालासुद्धा. त्रेचाळीस वर्षांची सवय होती. कुणी बोटं विचारली आणि शंकुण्णीने दाखवली नाहीत, असं कधी झालं नव्हतं.

"मोजा, मॅडम!" तो गरजला आणि त्याने दोन्ही हात अभिमानाने डोक्याच्या वर उंच केले.

दहाच्या दहा होती. निळ्या पट्ट्यांची चड्डीही तीच होती.